माशी टिकली तर खुरासणी टिकेल

(पावसाआधी पाड्यावर झालेल्या बैठकीतलं भाषण. बोललं तसं उतरवून घेतलं आहे.)



आज झाडं लावायचं बोलायला बसलोय. ऐकून काहींच्या पोटात गोळा आला असेल. झाडं म्हटलं की आपल्याला प्लॉटात खोदलेले चर आठवतात. आपण कसलेल्या जमिनीत सागाची रोपं लावली गेली, कुंपण पडलं, आणि आपणच अतिक्रमणवाले ठरलो. म्हणून आधीच सांगतो, ही लागवड तसली नाही.

खुरासणीपासून बोलू. भाताला माशी लागत नाही, नागलीलाही नाही. खुरासणीचं तसं नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर पोचला तरच दाणा नीट भरतो, आणि ते काम माशी करते. भोपळा, काकडी, दोडका, कारली, यांचं नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. माशी फिरली नाही तर कोवळं फळ पिवळं पडून गळतं. म्हणजे घरातलं तेल आणि कालवण माशीच्या पायावर उभं आहे.

खुरासणी फुलते पाऊस सरताना, थोडेच दिवस. माशीला पोट मात्र बारा महिने. बाकीचे दिवस तिला जंगल पोसतं. होळीच्या आगेमागे सावर, पांगारा, पळस. मग मोह. चैत्र-वैशाखात करंज, जांभूळ, हिरडा. पावसाच्या तोंडावर ऐन. पुढे बोर. एकाचा फुलोरा सरला की दुसऱ्याचा. ही साखळी तुटली की सातेरी पोळं सोडून निघून जाते. सागालाही फुलं येतात, पण पावसात. नुसत्या सागाच्या रानात बाकीचे महिने तिनं काय खायचं?

चूक आपलीही आहे. मधासाठी आपण मशाल लावून आख्खं पोळं जाळतो. यापुढे धूर द्यायचा, मधाचा भाग घ्यायचा, पिल्लांचा भाग ठेवायचा.

आता कोणी विचारेल, फुकट राबायचं म्हणजे वेठच की. नाही. वेठ काय असते ते आपल्या आज्यांना माहीत होतं. १९४५ साली वारली उठले ते वेठ मोडायला. वेठीत काम आपलं आणि पीक सावकाराचं. इथं ठराव ग्रामसभेचा, जागा ग्रामसभेची, मध-फळंही आपलीच. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध आणि मेण गौण वनोपजात आहे, आणि सामूहिक जंगल राखायचा, पुन्हा उभं करायचा हक्कही आहे. हक्क कागदावर मिळाला म्हणजे झालं नाही, तो वापरायला लागतो. पण रोजगार हमीचं काम निघालं तर त्याची मजुरी पुरी मागायची. ती सोडायची नाही.

काम असं करू. कसत्या प्लॉटात एकही खड्डा घ्यायचा नाही. शेताच्या बांधावर ज्याला पाहिजे त्यानं लावावं, जबरदस्ती नाही. बाकी लागवड सामूहिक जंगलातल्या उघड्या पडलेल्या जागी. गुरांचं चराऊ गवत मोकळं ठेवायचं. कुठे लावायचं ते बायांनी दाखवावं, कारण लाकूडफाट्याला, मोह वेचायला त्याच रानभर फिरतात.

बी आपलंच. गेल्या वर्षी मी मोहाच्या बिया मडक्यात घालून ठेवल्या, उशिरा लावल्या, एक उगवली नाही. मोह आणि जांभूळ यांचं बी ताजं असतानाच मातीत जायला पाहिजे. करंजाचं बी टिकतं. पांगाऱ्याची तर फांदी पावसात रोवली तरी धरते.

घरटी एका माणसानं दोन दिवस द्यायचे. घरात आजारपण असेल, कोणी स्थलांतरावर असेल, त्यांना माफ. कोणी काय लावलं, कुठे लावलं, ते ग्रामसभेच्या वहीत लिहायचं, अंगठे-सह्या घ्यायच्या. उद्या कोणी विचारलं, हे जंगल कोणी राखलं, तर ती वही पुढे ठेवायची.

पहिला पाऊस पडला की टिकाव घेऊन या.

जिंदाबाद!