सेंट पॅट्रिक्स डे : घरापासून लांब वाढलेला सण



मी पायदळातला निवृत्त कर्नल. नोकरीची बहुतेक सगळी वर्षं महाराष्ट्राबाहेर गेली आणि आता मुक्कामही डेहराडूनला. आज बोलायचंय ते आयर्लंडच्या एका सणाबद्दल. गंमत म्हणजे तो मला आयर्लंडमध्ये भेटला नाही, लेबनॉनमध्ये भेटला.

1999 चा मार्च होता. दक्षिण लेबनॉनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारताची बटालियन नुकतीच दाखल झाली होती. आयरिश सैनिक तिथे 1978 पासून होते. मी तेव्हा मेजर, समुद्रकाठच्या नाकूरा इथल्या मुख्यालयात कामाला. शेजारच्या टेबलावर एक आयरिश सार्जंट बसायचा. 17 तारखेला सकाळी त्याने घरून आलेलं पाकीट उघडलं. ओल्या कागदात गुंडाळलेलं, निम्मं कोमेजलेलं तीन पानांचं गवत. आईने खुडून पाठवलेलं. एक काडी त्याने स्वतःच्या टोपीला लावली, दुसरी माझ्यापुढे ठेवली. मला आईचा तिळगूळ आठवला. दर संक्रांतीला ती पार्सल करायची आणि सीमेवर मला तो मिळायचा महाशिवरात्रीच्या सुमारास, भुगा होऊन!

ते गवत म्हणजे शॅमरॉक. पंजाबात गुरांना घालतात त्या बरसीमच्याच कुळातलं. लोक सांगतात, संत पॅट्रिकने हे पान दाखवून एकाच देवाची तीन रूपं समजावली. ऐकताना मला बेलाचं त्रिदळ आठवलं. पण ही कथा लिखित स्वरूपात सापडते ती थेट अठराव्या शतकात. पॅट्रिक पाचव्या शतकातला. त्याने बेटावरून साप हाकलले ही कथाही अशीच मागाहून आलेली. हिमयुगानंतर तिथे साप कधी नव्हतेच.

मग खरा पॅट्रिक कोण? त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहिलेले दोन मजकूर आजही आहेत. त्यांतून कळतं, की तो मुळात आयरिश नव्हताच. रोमन अंमलाखालच्या ब्रिटनमधला, बऱ्या घरचा मुलगा. सोळाव्या वर्षी आयरिश लुटारूंनी त्याला पळवून नेलं. सहा वर्षं गुलाम म्हणून त्याने मेंढ्या राखल्या. मग निसटला, मैलोन्‌मैल चालत जहाज गाठलं आणि शेवटी घरी पोचला. पुढे स्वप्नात त्याला आयर्लंडच्या लोकांची हाक ऐकू आली आणि ज्या भूमीने गुलाम केलं तिथेच तो धर्मोपदेशक होऊन परत गेला.

त्याचा दुसरा मजकूर म्हणजे एक पत्र. कोरोटिकस नावाच्या सरदाराच्या शिपायांनी पॅट्रिकच्या नव्या अनुयायांना मारलं, उरलेल्यांना गुलाम म्हणून नेलं. पॅट्रिकने त्या शिपायांना खडसावलं आणि माणसं परत मागितली. मंडळी, मी आयुष्यभर गणवेश घातला. निःशस्त्र माणसावर हात टाकणाऱ्या शिपायाला पंधराशे वर्षांपूर्वी कुणी असं सुनावलं होतं, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

17 मार्च ही त्याची पुण्यतिथी मानतात. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात हा दिवस येतो आणि त्या दिवसापुरती उपासातून सूट मिळायची. सकाळी चर्च, मुलांच्या छातीवर रंगीत क्रॉस, घरात बेकन आणि कोबी. रात्री शेवटच्या पेल्यात शॅमरॉक बुडवून पिण्याचीही रीत. 1903 मध्ये ही सार्वजनिक सुट्टी झाली. पण पुढे स्वतंत्र आयर्लंडमध्ये कित्येक वर्षं त्या दिवशी दारूची दुकानं बंद असायची. डब्लिनच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात तेवढी मिळायची. त्यामुळे त्या दिवशी श्वानप्रेम फार उतू जायचं म्हणतात!

मग ते संचलन, तो हिरवा जल्लोष आला कुठून? परदेशातून. न्यूयॉर्कच्या संचलनाची सुरुवात 1762 ची, आणि ती केली ब्रिटिश फौजेतल्या आयरिश शिपायांनी. 1845 नंतरच्या भीषण दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त देशोधडीला लागली. परक्या शहरांत हाडतूड सोसणाऱ्या त्या माणसांनी वर्षातून एक दिवस रस्ता आपला केला. अमेरिकेत बेकनच्या जागी स्वस्त मिळणारं खारवलेलं गोमांस आलं, आणि तेच आज ‘आयरिश जेवण’ म्हणून ओळखलं जातं. डब्लिनचं सरकारी संचलन मात्र 1931 चं.

पण या हिशेबाला दुसरी बाजूही आहे. सार्जंटला मी विचारलं, “तुमच्या भाषेत या दिवसाला काय म्हणतात?” त्याने सांगितलं, “ला एले पाड्रिग.” आणि हसून म्हणाला, “सर, एवढंच येतं. माझ्या पणजीला सगळी भाषा यायची.” सण जगभर पोचला, भाषा मात्र थोड्यांच्याच ओठांवर उरली. आणि हिरवी टोपी घालून नाचणाऱ्या कितीजणांना तो गुलाम मुलगा ठाऊक असेल?

आमच्या डेहराडूनच्या गणपतीत मुलं आरती मोबाईलवर रोमन अक्षरांत वाचतात. पूर्वी मी रागवायचो. आता रागवत नाही. एकेकाला शेजारी बसवतो आणि एकेका ओळीचा अर्थ सांगतो. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की कोलकात्याला, एवढं करा. मोदकाबरोबर त्यामागची गोष्टही मुलांच्या हातात द्या.

सार्जंटने दिलेली ती काडी मी डायरीत ठेवली होती. आता तिचा भुगा झालाय. नातीला दाखवतो तेव्हा आधी पॅट्रिकची गोष्ट सांगतो, मग माझ्या आईच्या तिळगुळाची.

जय हिंद.