रानट पिल्लू : घरी ठेवावे की सोडावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि चारचौघींत बोलण्याची सवयही नाही. पण उन्हाळा लागला की आपल्याकडे कडब्याच्या गंजीत, माळवदावर, नाहीतर पडक्या वाड्यात मांजरीची पिल्ले निघतात व घरोघर एकच वाद सुरू होतो. मुले म्हणतात, ठेवून घेऊ. वडीलधारी म्हणतात, पोत्यात घालून नदीपलीकडे सोडा. दोन्हींची घाई वाईट. आधी पिल्लाचे वय पाहावे, असे माझे सांगणे आहे.

मांजर माणसाजवळ आले ते धान्यामुळे. कणगीत ज्वारी आली, तिच्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले, असे २००४ साली जाहीर झाले. इतका जुना शेजार असूनही मांजराच्या प्रत्येक पिल्लाला माणसाची ओळख नव्याने करून द्यावी लागते. अमेरिकेत आयलीन कार्श या बाईंनी १९८० च्या सुमारास याचा अभ्यास केला. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात ज्या पिल्लांना माणसाचा हात लागला, ती माणसाळली. पुढे ते अवघड होत जाते, आणि चार महिन्यांनंतर बहुतेक पिल्ले रानटच राहतात. आपल्याला हे नवे नाही. पिठाची विरी गेली, की कितीही मळा, भाकरी चिरतेच.

वय ओळखावे कसे? डोळे आठ-दहा दिवसांनी उघडतात. दात तिसऱ्या आठवड्यापासून दिसू लागतात. जन्मतः वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असते व दर आठवड्यास तेवढेच वाढते. तेव्हा घरचा तराजूसुद्धा अंदाज देतो.

पिल्ले एकटी दिसली म्हणून लगेच उचलू नयेत. आई पोटासाठी बाहेर गेलेली असते. दुरून काही तास वाट पाहावी. शेतात तर अधिक जपावे, कारण ती रानमांजराची असू शकतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती घरी ठेवता येत नाहीत. जुन्नरकडे ऊसतोडणीत अशी पिल्ले सापडली, की वनखात्याची माणसे व वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था ती त्याच फडात ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. असे पिल्लू दिसल्यास वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

गावातले पिल्लू पाच-सहा आठवड्यांचे असेल व घरात खरोखर जागा असेल, तर आणावे. लहानशा खोलीत किंवा डालग्याखाली ठेवावे. ते फिसकारते ते भीतीने, रागाने नव्हे. गाईच्या दुधाने पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. त्याऐवजी शिजवलेल्या मांसाचे बारीक तुकडे किंवा उकडलेले अंडे द्यावे. आधी चमच्याने, मग हाताने भरवावे आणि रोज थोडा वेळ नुसते जवळ बसावे. पंधरा दिवसांत बहुतेक पिल्ले हाताशी येतात. चावले किंवा ओरखडले, तर हळद-चुना लावत बसू नये. साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी.

पण भगिनींनो, मांजर पंधरा वर्षे जगते. आमच्या शेजारी सुट्टीत आलेल्या मुलांनी एक पिल्लू महिनाभर मांडीवर घेतले. सुट्टी संपली, मुले गेली, पिल्लू राहिले. त्याची माणसाची भीती गेली होती, आणि कुत्र्याचीही. एके सकाळी कुत्र्यांनी ते संपवले. त्याची रानट भावंडे माळवदावर चढून वाचली. अर्धवट माणसाळवलेले पिल्लू घरचे नाही आणि रानाचेही नाही. त्याच्याइतके दुबळे कोणी नसते. शेवटपर्यंत सांभाळणे होणार नसेल, तर हाती घेऊच नये.

चार महिन्यांपुढचे पिल्लू हाताशी येत नसेल, तर त्याच्यावर जबरदस्ती करू नये. त्याला सोडणे हीच दया. मात्र सोडायचे ते जिथे धरले तिथेच. तिथल्या लपायच्या जागा त्याला ठाऊक असतात. पोत्यात घालून परक्या ठिकाणी टाकले, तर ते उपासमारीने मरते. असे टाकून देणे १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेच्या कायद्याने गुन्हाही आहे. सोडण्याआधी त्याची नसबंदी करून घ्यावी. मांजरी पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते व नऊ आठवड्यांत विते. मग दरवर्षी तोच वाद आपल्या दारी येतो. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे किंवा जवळच्या गुरांच्या दवाखान्यात चौकशी करावी. नसबंदी झालेल्या मांजराच्या कानाचे टोक थोडे कापतात, म्हणजे त्याला पुन्हा कोणी धरत नाही.

अशा रानट मांजराला रोज ठराविक वेळी मूठभर अन्न व वाडगाभर पाणी ठेवले, तरी पुरे. ते आपल्याजवळ येणार नाही, पण आपले धान्य राखील. जवळ येते त्यालाच माया लावावी, असे थोडेच आहे?

आपण बायका एकत्र आलो तर एका गल्लीचे काम सहज होईल. धरायला एक, दवाखान्यात न्यायला दुसरी, आणि खर्चासाठी सगळ्यांची थोडी वर्गणी. येत्या वर्षी मंडळाने एवढे मनावर घ्यावे, ही विनंती करून मी माझे दोन शब्द पुरे करते.