थांबावंसं वाटणारा पूल

पादचारी पूल म्हटलं की दमछाक करणारे जिने, डोक्यावरचं छप्पर आणि घाईघाईनं पलीकडे जाणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. मुंबईत २००८ मध्ये वांद्रे स्थानकाबाहेर स्कायवॉक झाला, मग इतर ठिकाणीही झाले. स्थानकातून बाहेर पडणाऱ्या गर्दीला वाहनांच्या कोंडीतून सुरक्षित वाट मिळावी, हा हेतू रास्तच होता. पण पुलानं माणसाला नुसतं पलीकडे पोचवायचं, की घटकाभर थांबूही द्यायचं?

तेहरानच्या तबियत पुलानं याचं फार सुंदर उत्तर दिलं आहे. तिथली तालेघानी आणि आब-ओ-आतश ही दोन उद्यानं समोरासमोर, पण मधून मोदर्रेस महामार्ग गेलेला. ती जोडण्यासाठी स्पर्धा झाली आणि लैला अराघियान या तरुण वास्तुविशारद स्त्रीचा आराखडा निवडला गेला. २०१४ मध्ये २७० मीटर लांबीचा हा पूल खुला झाला. २०१६ मध्ये त्याला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

सरळ पूल बांधला असता तर अंतर वाचलं असतं. अराघियान यांनी तो मुद्दाम वळणदार केला. चालू लागताना दुसरं टोक दिसत नाही, म्हणून पावलं आपोआप रेंगाळतात. उद्यानांतल्या अनेक पायवाटा पुलाला येऊन मिळतात, त्यामुळे एकाच तोंडाशी गर्दी तुंबत नाही. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या तीन पोलादी खांबांवर तो उभा आहे. खांबांच्या जागाही कमीत कमी झाडं तोडावी लागतील अशा बेतानं ठरवल्या. पुलाला तीन पातळ्या आहेत. खाली उपाहारगृहं आहेत, वर उभं राहून शहर न्याहाळता येतं आणि वाटेत बसायला बाकं आहेत. खाली गाड्या धावत असतात आणि वर लोक गप्पा मारत बसलेले असतात. गावातल्या पारावर जशी माणसं जमतात, तशी ती इथे जमतात.

यासाठी प्रत्येक पूल एवढा भव्य हवा असं नाही. थोडी सावली, चार बाकं, रात्री पुरेसा उजेड आणि चाकाच्या खुर्चीलाही चढता येईल असा उतार, एवढ्यानंही पुष्कळ साधतं. मात्र हे सगळं आराखड्यातच असावं लागतं; मागाहून ठिगळं लावून भागत नाही.

तेव्हा आपल्या भागात नवा पूल होणार असेल, तर खर्च आणि मुदत जरूर विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा, की थकलेल्या आजीबाईंना या पुलावर टेकायला जागा कुठे आहे? नागरिक म्हणून हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.