चिनी शिकवणाऱ्यांची नोकरी

परदेशी विद्यार्थ्यांना चिनी शिकवण्यासाठी चीनमधल्या अनेक विद्यापीठांत स्वतंत्र पदवी आहे. 2004 साली सोलमध्ये चिनी शिकवणारी पहिली कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट उघडली आणि या पदवीला बरे दिवस आले. पुढे अमेरिकेतल्या बहुतेक इन्स्टिट्यूट बंद पडल्या. थायलंडला मात्र आजही चिनी शिक्षक हवे असतात. अडचण एकच, चीनमधून तिथं जाणाऱ्या स्वयंसेवक शिक्षकाची नेमणूक मुदतीची. मुदत संपली, की पुन्हा अर्ज! मग कितीतरी पदवीधर मायदेशी परतून शाळामास्तर होतात.

त्यासाठी लागणाऱ्या शिक्षक-प्रमाणपत्राची मुलाखतही सोपी नव्हे. परीक्षकांसमोर छोटा पाठ घेऊन दाखवायचा आणि वर्गात गोंधळ झाला तर काय कराल, तेही सांगायचं.

माझ्या मते खरी संधी आता सांस्कृतिक उद्योगांत आहे. शांघायच्या एका कंपनीचा ‘गेनशिन इम्पॅक्ट’ हा 2020 चा गेम डझनभर भाषांत खेळला जातो. त्यातले संवाद, सणवार, खाद्यपदार्थ परक्या खेळाडूला कळतील असे मांडायला माणसं लागतात. वेब-कादंबऱ्या, मालिका, संग्रहालयं इथंही तेच. पण नुसती पदवी पुरत नाही. थाई, अरबी किंवा स्पॅनिश पक्की येत असेल, तर दारं लवकर उघडतात.