बसलेला हात

श्रोतेहो, गोल्फच्या खेळाचें वेड लागलेला गृहस्थ आपण पाहिला नसेल, तर त्याची ओळख थोडक्यांत करून देतों. हा गृहस्थ चार दिवस चेंडू सरळ मारतो, पांचव्या दिवशीं त्याच काठीनें तोच चेंडू झुडपांत घालवितो, आणि रात्रीं दिवाणखान्यांत छत्री हातीं धरून ‘काल आपण नेमकें काय केलें होतें?’ याचा शोध करीत उभा राहतो. फटका दीड सेकंदाच्या आंत संपतो. शोध मात्र जन्मभर संपत नाहीं. १९३० सालीं बॉबी जोन्स या अमेरिकन वकिलानें, हौशी खेळाडू राहूनच, त्या वेळच्या चारहि मोठ्या स्पर्धा एका वर्षांत जिंकल्या आणि वयाच्या २८ व्या वर्षीं स्पर्धांचा निरोप घेतला. एका हौशी माणसास जें साधलें तें आपणांस कां साधूं नये, या प्रश्नानें मग इतर हौशी मंडळींची झोंप उडाली असल्यास नवल नाहीं.

मीं गोल्फची काठी कधीं हातीं धरलेली नाहीं. तरीहि हा गृहस्थ मला सख्ख्या भावासारखा वाटतो. कारण तोच रोग मला अकोल्याच्या एका तालमींत जडला. माझी काठी म्हणजे जोडी.

जोडी म्हणजे बुडाशीं जड व मुठीशीं निमुळते असे दोन लांकडी मुद्गल. मूठ खांद्याशीं आणून जोडी पाठीमागें सोडावयाची. ती लोलकासारखी झुलून पुन्हां वर येते आणि माथ्यावर क्षणभर तिचें वजनच नाहींसें होतें. त्या क्षणाची वाट पाहिली तर ती आपण होऊन पुढें येते. घाई केली, कीं मनगट आखडतें, कोपर बाहेर जातें आणि सारा भार खांद्यावर पडतो. जोडीच्या एकेका फेऱ्याच्या प्रकारास आम्ही ‘हात’ म्हणतों, आणि तो साधला म्हणजे ‘हात बसला’ असें म्हणतों.

माझा हात ३० वर्षांत बसला नाहीं. किंबहुना तो शेंकडों वेळां बसला आणि दुसऱ्या दिवशीं उठून गेला! मीं एक वही ठेविली होती. ‘अंगठा आंत घ्यावा’, असें एका पानावर. ‘अंगठा बाहेर ठेवावा’, असें चार पानांनंतर. वस्ताद तें पाहून हंसत आणि म्हणत, “बापू, जोडी आपली आपण फिरते; तू काहून मधात येतं?” त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरां कळला.

माझ्या वेडास अभिमानाचेंहि खतपाणी मिळत होतें. एकोणिसाव्या शतकांत इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं आपल्याकडील मुद्गलांचा व्यायाम पाहिला, उचलला आणि विलायतेस नेला. तेथून तो अमेरिकेंत पसरला. इतका, कीं १९०४ सालीं सेंट लुई येथें व १९३२ सालीं लॉस एंजलिस येथें ऑलिंपिक सामन्यांत मुद्गल फिरविण्याची स्पर्धा झाली. इकडे अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं लावलेल्या रोपट्याचा श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला. त्या मंडळाच्या चमूनें १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं देशी व्यायामांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. अशा परंपरेंतला हात आपला असावा आणि तो वेडावांकडा असावा, ही मला लाज वाटे.

ही लाज मीं माझ्या मुलावर लादली. तो चौदाव्या वर्षीं तालमींत येऊं लागला. त्याच्या प्रत्येक फेऱ्यागणिक मी ओरडत असें, “कोपर! मनगट! पुन्हां तेंच!” एके दिवशीं त्यानें जोडी हलकेच भिंतीशीं ठेविली आणि म्हणाला, “बाबा, मी फिरवूं, कीं तुम्हीच फिरवतां?” दुसऱ्या दिवशीं तो आला नाहीं. पुढेंहि आला नाहीं.

त्यानंतर कांहीं वर्षांनीं श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारची गोष्ट. अकोल्याचे श्रोते जाणतातच, कीं त्या दिवशीं गांधीग्रामच्या पूर्णेचें पाणी कावडींनीं आणून राजराजेश्वरास घालतात. ‘हर बोला महादेव’ या गजरांत कावडी येत होत्या, आणि त्यांपैकीं एकीच्या बांबूखालीं मला माझा मुलगा दिसला. मी संवयीनें त्याचीं पावलें निरखूं लागलों. एकहि पाऊल दुसऱ्यासारखें नव्हतें. खड्डा आला कीं गुडघा वांके, शेजाऱ्याचा खांदा उतरला कीं ह्याचा उचले, कोणी थकला कीं दुसरा खांदा देई. मात्र हंड्यांतलें पाणी जवळजवळ स्थिर होतें. तीस वर्षें मी पावलें मोजीत होतों. पाणी मीं पाहिलेंच नव्हतें.

पुढें एका पुस्तकांत निकोलाय बर्नस्टाइन या शास्त्रज्ञाची हकीकत वाचली. १९२० नंतरच्या दशकांत मॉस्को येथें त्यानें कसलेल्या कारागिरांच्या हातांवर लहान दिवे बांधून हातोड्याच्या घावांचीं छायाचित्रें घेतलीं. हातोडा दर वेळीं जवळजवळ त्याच मार्गानें जाई. परंतु खांदा, कोपर व मनगट यांची हालचाल दर घावास थोडी निराळी असे. एका सांध्याची चूक दुसरा सांधा तेथल्या तेथें भरून काढी. म्हणजे बसलेला हात हा एकाच सांच्यांतून काढलेला हात नव्हे. हेतु स्थिर असतो, आणि त्याकरितां सारें शरीर क्षणोक्षणीं नवी तडजोड करीत असतें. कालचा हात आज हुबेहूब आणूं पाहणारा ही तडजोडच थांबवितो. मी मधांत येत होतों तो असा!

ती वही मीं आतां बंद केली आहे. पहांटे जोडी फिरवितों. कांहीं दिवस ती गोड फिरते, कांहीं दिवस फिरत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत मुलगा एकदां तालमींत आला. कपडे न बदलतांच त्यानें जोडी उचलली आणि दहाबारा हात केले. कोपर बाहेर जात होतें. तें मला दिसलें, श्रोतेहो, स्पष्ट दिसलें. आणि मी गप्प बसलों. माझ्या आयुष्यांत खरोखर बसलेला हात, म्हणावयाचा तर, तो एवढाच.