किनाऱ्याचा पहारा आणि पहारेकऱ्याचे शिक्षण



१८ ऑगस्ट २०२२ रोजी आपल्या हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली निघाल्या आणि मुंबईपर्यंत धावपळ उडाली. पुढे विधिमंडळात खुलासा झाला. मस्कतहून युरोपकडे निघालेल्या या नौकेचे इंजिन जूनमध्ये बंद पडले, कोरियन युद्धनौकेने खलाशांना सोडवले आणि रिकामी नौका वाहत इकडे आली. घातपात नव्हता. पण ती प्रथम दिसली ती इथल्या साध्या माणसांना. त्यांच्यापाशी पहाऱ्याचा कसला दाखला?

दाखल्याचे शास्त्र मात्र मोठे आहे. २००१ मध्ये अमेरिकेवर हल्ला झाला, त्यानंतर डिसेंबर २००२ मध्ये लंडनला जहाजांच्या व बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता ठरली. १ जुलै २००४ पासून ती लागू आहे. प्रत्येक जहाजावर आणि बंदरावर एक प्रशिक्षित सुरक्षा अधिकारी हवा, दर तीन महिन्यांनी सराव हवा. खाजगी पहारेकऱ्यासाठी २००५ चा कायदा आहे. केंद्राच्या आदर्श नियमांत वर्गातले १०० व प्रत्यक्ष कामाचे ६० तास सांगितले आहेत. मी शाळा लवकर सोडलेला माणूस, कायदे वाचायला शिकलो ते कामगारांच्या तंट्यांपायी. मला हे नियम चांगले वाटतात. शिकलेल्या माणसाला फसवणे अवघड.

परंतु आपल्याच किनाऱ्याचा इतिहास आठवा. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला चोरटा माल उतरला. वाटेत गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या आणि पैसे ठरताच सोडल्या. फेब्रुवारीत शेखाडीला स्फोटके उतरली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे गेली. पुढे पोलीस आणि कस्टमचे लोक न्यायालयात दोषी ठरले. त्यांना शिक्षण होते, पगारही होता. तेव्हा पगार वाढवला की इमान येते, असे मी युनियनवाला असूनही म्हणणार नाही.

मी एवढेच विचारतो, की वरच्याने ‘सोडून दे’ म्हटले तर ‘नाही’ म्हणायची सोय फाटकावरच्या माणसाला आहे का? ठेकेदाराचा पहारेकरी ‘नाही’ म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा उभा असतो. माझ्याकडे असे तरुण येतात. प्रशिक्षणाचे पैसे त्यांनी पदरचे भरलेले, आणि ठेका बदलला की बिल्ला गेला. डोळे उघडायला शिकवायचे आणि तोंड उघडले की घरी पाठवायचे, हा कुठला पहारा?

दुसरी गोष्ट अशी. ही संहिता परदेशी जाणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी आहे. मालवाहू असेल तर ५०० टनांवरच्या. न्हावा-शेवा तिच्या कक्षेत येते. शेखाडीची वाळू येत नाही, आपल्या तांडेलाची होडीही येत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रशिक्षणाचा खर्च मालकाने करावा. दाखला माणसाच्या नावे राहावा, ठेकेदाराच्या नव्हे. माल अडवल्याबद्दल चौकशीशिवाय कोणाला काढू नये. तिमाही सरावाला माल चढवणारे-उतरवणारे आणि जवळच्या जेटीवरचे मच्छीमारही बोलवावेत, आणि त्या दिवसाची मजुरी कोणाचीही कापू नये.