सुरत : एका नावाची जुनी अक्षरे

सुरतेचे नाव जुन्या स्वीडिश भाषेत कसे लिहीत, हा प्रश्न आपणांस कदाचित निरुपयोगी वाटेल. स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरील धर्मोपदेशक ओलोफ तोरेन १७५० साली निघालेल्या सफरीत सुरतेस आला होता. निसर्गशास्त्रज्ञ लिनियस यास त्याने लिहिलेली प्रवासपत्रे त्याच्या मृत्यूनंतर, १७५७ साली छापली गेली. त्यांच्या शीर्षकात ‘सुरात्ते’ असे नाव आहे. त्यात दोन ‘त’ आणि शेवटी ‘ए’. त्याआधीच्या ‘तिल’, म्हणजे ‘कडे’, या शब्दात एकच ‘ल’ आहे. आज स्वीडिश लोक तेथे दोन लिहितात. मग या मुद्रणाच्या चुका मानाव्यात काय? हा निवाडा आजच्या कोशावरून करू नये. त्याच काळातील इतर छापील पृष्ठे ताडून पाहावीत.

आपल्याकडेही तेच. मोडी कागदांत ऱ्हस्व-दीर्घ उकाराचा भेद सहसा पाळलेला नसतो. त्यामुळे ‘सुरत’ की ‘सूरत’, हा वाद मोडी पत्रावरून मिटत नाही. नकलकाराने आजच्या नियमांनी जुने अक्षर ‘सुधारले’, की पुरावाच पुसला जातो. मूळ अक्षर जसेच्या तसे राखावे. आपले मत तळटीपेत द्यावे.